उतरली, ओरडली, उसासली

चष्म्यांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कोशाचं काम चालायचं. एकतीस वर्षं चाललं होतं. प्राचीन हिब्रू भाषेतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा, हे वेड सरांनी चाळिशीत डोक्यात घेतलं आणि आता ते एकाहत्तरीला आले होते. खालचा चष्मेवाला दर दोन वर्षांनी त्यांना जाड भिंग बसवून द्यायचा आणि म्हणायचा, "सर, आता याच्यापुढे दुर्बीणच." त्या भाषेत अक्षरं बावीस. सर अठराव्याला पोचले होते. उरलेली चार मी संपवतो की ती मला संपवतात, बघू या, असं ते हसत हसत सांगत. हसत होते, कारण जावई होता.

जावई आधी त्यांचा विद्यार्थी होता. पहिल्या खंडाच्या वेळी छापखान्याने अट घातली होती की सगळा मजकूर सुबक टाइप करून सात महिन्यांत हातात द्या, नाहीतर आम्ही दुसरं काम धरतो. अकराशे पानं, त्यात तीन लिप्या. सरांनी हात टेकले होते. या पोराने एकट्याने ती पानं टाइप करून वेळेआधी आठ दिवस सरांच्या टेबलावर आणून ठेवली. सरांना आभाळ ठेंगणं झालं. "माग, काय हवं ते माग," ते म्हणाले. त्याने त्यांची मुलगी मागितली.

मुलीचं घरातलं नाव मनी. लहानपणी मांजरीसारखी आवाज न करता मागे येऊन उभी राहायची, म्हणून मनी. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि नकाशे काढायला शिकत होती. तिने बापाला एवढंच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, बाबा?" सर म्हणाले, "मुलगा सोन्यासारखा आहे." तिची आई तेवढी फणकारली होती: "मुलगी म्हणजे काय शर्यतीतला पेला आहे, जिंकेल त्याच्या हातात द्यायला?" पण आईचं बोलणं सगळ्यांनी थट्टेवारी नेलं. लग्न झालं. सहा वर्षांनी आई गेली. मनीचं माहेरी येणं हळूहळू कमी होत गेलं. सरांना ते फारसं जाणवलं नाही, कारण जावई रोज समोरच्या खुर्चीत बसलेला असायचा आणि घरचं कसं काय विचारलं की "मजेत, सर" म्हणायचा.

त्या मंगळवारी तो परगावच्या छापखान्यात गेला होता, नव्या खंडाची पानं तपासायला. कार्यालयात सर आणि बाई दोघंच होती. बाई म्हणजे मुद्रितशोधक. पंचावन्नच्या, तोंडाने फटकळ, आणि चुकीचा अनुस्वार दहा हातांवरून ओळखणाऱ्या. हिब्रू त्यांना येत नव्हतं. त्या फक्त आपल्या भाषेची बाजू सांभाळत. सर मात्र प्रत्येक अवघड शब्द त्यांना सांगून बघत. बाईंना पटलं तर वाचकाला पटेल, असा त्यांचा हिशेब.

"आज एक गंमत आहे," सर म्हणाले. त्यांच्यापुढे तीन चिठ्ठ्या होत्या. "त्सानाख. सुरुवात आपल्या 'चाक'मधल्या च सारखी आणि शेवटचा ख घशातून खरवडून काढायचा. क्रियापद आहे. अख्ख्या हिब्रू धर्मग्रंथात तीनदाच येतं."

"तीनदाच?"

"त्यातही दोन जागा एकच गोष्ट सांगतात, जवळजवळ शब्दाला शब्द. म्हणजे प्रसंग दोनच. एक असा: एक म्होरक्या जाहीर करतो की अमुक गाव जो जिंकेल त्याला मी माझी मुलगी देईन. एक जण जिंकतो. मुलगी त्याला मिळते, तिच्यासोबत जमीनही मिळते, पण कोरडी ठाक. मग एक दिवस ती मुलगी गाढवावर बसून बापाकडे येते, आणि गाढवावरून ती 'त्सानाख' करते. बाप विचारतो, काय हवंय तुला? ती म्हणते, कोरडी जमीन दिलीत, आता पाण्याचे झरेही द्या. तो देतो."

बाईंनी जावयाच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. "आणि दुसरा?"

"दुसरा भयंकर आहे. हरलेला एक सेनापती एका तंबूत लपायला येतो. दमून झोपी जातो. तंबूतली बाई तंबूची मेख आणि हातोडा घेते, पाय न वाजवता जवळ जाते, आणि मेख त्याच्या कानशिलातून आरपार ठोकते. ती मेख जमिनीत 'त्सानाख' होते."

"अगं बाई गं."

"तिथे अर्थ सरळ आहे. खाली गेली, रुतली. मग गाढवावरची मुलगीही खालीच आली असणार. उतरली. झालं."

"सगळे असंच म्हणतात?"

सरांचे डोळे लकाकले. हाच भाग त्यांना सांगायचा होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक भाषांतरकारांनी 'ती ओरडली' असं लिहिलं. लॅटिनवाल्याने 'ती उसासली' केलं. कोणी म्हणतो तिने टाळी वाजवली. हल्लीच्या हिब्रूत तर हाच शब्द विमानातून छत्री बांधून उडी मारायला वापरतात. "आणि एक मोठे विद्वान तर म्हणतात की…" सर घुटमळले.

"बोला की, सर. माझ्यापासून काय लपवायचंय?"

"म्हणतात की तिने वारा सोडला."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, इतक्या हसल्या. "बापासमोर?"

"बापासमोर. निषेध म्हणून."

हसून झाल्यावर बाई म्हणाल्या, "मला तुमचं हिब्रू कळत नाही. पण एक सांगते. नुसती उतरली असती तर बापाने लगेच 'काय हवंय तुला' कशाला विचारलं असतं? पोर दारात आली तर माणूस 'ये, बस, पाणी घे' म्हणतो. तिने काहीतरी असं केलं असणार की त्याला विचारावंच लागलं."

"मेख उसासत नाही, बाई," सर म्हणाले आणि आपल्या बारीक सुंदर अक्षरात त्यांनी लिहिलं: (वाहनावरून) खाली उतरणे.

साडेअकराच्या सुमाराला खाली एक टॅक्सी थांबली. सरांची खुर्ची खिडकीलाच होती. टॅक्सीचं दार उघडलं, पण बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मग मनी बाहेर आली. बसल्या जागेवरून घसरल्यासारखी पाय टेकून ती उभी राहिली, आणि दाराची वरची कड धरून तशीच थांबली. टॅक्सीवाला काहीतरी म्हणाला तेव्हा तिने कड सोडली. "अरे, मनी आली!" सर म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला.

ती वर आली. खांद्याला मोठी पिशवी होती आणि उकाड्यातही डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळली होती. "जवळच काम होतं," ती म्हणाली. बाईंनी तिला पाणी दिलं. तिने पेला दोन्ही हातांनी धरला.

"तू अगदी वेळेवर आलीस," सर म्हणाले आणि त्यांनी तिला शब्दाची गंमत सांगायला घेतली. ग्रीक सांगितलं, लॅटिन सांगितलं. वारा सोडल्याचं मुलीसमोर गाळलं. मनी ऐकत होती. एका बाजूला मान वळवून, उजवा कान पुढे करून. मध्येच ती म्हणाली, "बाबा, घरी माझी खोली आहे का अजून?"

"आहे की. पण चिठ्ठ्यांचे खोके भरलेत तिथे. पाय ठेवायला जागा नाही. का गं, काही शोधायचंय?"

"नाही. सहजच."

"तुझे नकाशे हवे असतील तर माळ्यावर आहेत. बघून ठेवतो."

"राहू दे, बाबा." ती आणखी पाच मिनिटं बसली. निघताना दाराशी थांबली, वळली, सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. "येते," ती म्हणाली.

जिन्यावरची पावलं थांबल्यावर बाई उठून सरांच्या टेबलापाशी आल्या. "तिच्या डाव्या कानामागे रक्त वाळलेलं होतं, सर. पाणी पिताना ओढणी सरकली तेव्हा दिसलं."

"पडली असेल कुठेतरी."

"कानामागे?"

सरांच्या मनात तेव्हा जे आलं ते त्यांनी पुढे फक्त एकदाच, बाईंजवळ, तोंडाने उच्चारलं. त्यांच्या मनात आलं होतं: मग खंड कोण पुरा करणार? मुलीबद्दल नव्हे, खंडाबद्दल. विचार आला तसा त्यांनी झटकला, पण तो आला होता. संध्याकाळी त्यांनी मुलीच्या घरी फोन लावला. जावई परतला होता, त्यानेच उचलला. "झोपलीय ती, सर. डोकं दुखतंय म्हणाली. पानं मात्र फार देखणी आलीत." सरांना हायसं वाटलं. पानांविषयी दोघं वीस मिनिटं बोलले.

शुक्रवारी सकाळी इस्पितळातून निरोप आला.

जावई शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. दाढी केलेली, शर्ट नीट खोचलेला. "पाय घसरला, सर. पलंगाची लोखंडी कड लागली," तो म्हणाला आणि सरांचा हात हातात घेतला. सरांनी घेऊ दिला. दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी एकट्या सरांना आत बोलावलं. डाव्या कानशिलाचं हाड फुटलं होतं. आत रक्त साचलं होतं, ते काढलं. जगेल. पण भाषेची जागा नेमकी तिथेच असते. बोलणं परत येईल की नाही, आणि आलं तर किती, सांगता येत नाही.

"आणखी एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी उजेडाच्या काचेवर क्ष-किरणांची चित्रं लावली. "हे मनगट चारेक वर्षांपूर्वी मोडून जुळलेलं आहे. या दोन बरगड्या त्याच्याही आधीच्या. कानाचा पडदा या आठवड्यातला. एकदा पडून इतक्या वेगवेगळ्या वयाच्या जखमा होत नाहीत."

सर चित्रांपुढे उभे राहिले. एखाद्या जुन्या मजकुरात कुठली ओळ मूळची आणि कुठली कोणत्या शतकात मागाहून घुसडलेली, हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. मनगटाच्या वर्षी मनीने फोनवर सांगितलं होतं की हात मुरगळलाय, म्हणून पत्र लिहिता येत नाही. बरगड्यांच्या वर्षी ती आईच्या वर्षश्राद्धाला आली नव्हती. सगळं समोर होतं. वाचता येत होतं.

तरी दुपारी पोलीस अधिकाऱ्याने विचारलं, "तुमच्या मुलीने कधी नवऱ्याविरुद्ध तक्रार केली होती?" तेव्हा सर म्हणाले, "नाही." ते खरंच होतं. त्यांनी सही केली.

बाई इस्पितळाच्या व्हरांड्यात थांबल्या होत्या. "मी माझा जबाब दिला," त्या म्हणाल्या. "रक्त पाहिलं ते सांगितलं. तुम्ही?"

"मला ती काही बोलली नव्हती, बाई."

"बोलली. खोली आहे का, असं विचारलं तिने. तुम्ही ऐकलंत, मी ऐकलं. तुम्ही अर्थ तेवढा घेतला नाहीत." बाईंचा आवाज चढला नव्हता. चुकीचा अनुस्वार दाखवताना असायचा, तसाच होता.

रविवारी सर कार्यालयात गेले. घरी बसवेना. थोड्या वेळाने जावई आला. त्याला चौकशीला बोलावून सोडून दिलं होतं. तो रोजच्या खुर्चीत बसला, रोजचं पेन काढलं.

"सर, मला ठाऊक आहे तुम्हाला काय काय सांगितलं असेल. संसारात होतं कधी कमीजास्त. पण आपण दोघांनी आता डोकं शांत ठेवायला हवं. अजून चार अक्षरं आहेत. माझ्याशिवाय ती होणार नाहीत, आणि हे तुम्हीही जाणता."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. धमकी असती तर बरं वाटलं असतं. त्याच्या बोलण्यात नुसती खात्री होती, इतक्या वर्षांत सरांनी स्वतःच त्याला दिलेली.

"किल्ली ठेव," सर म्हणाले.

"सर?"

"कार्यालयाची किल्ली. टेबलावर ठेव आणि जा."

त्याने ठेवली. जाताना दार हलकेच लावून घेतलं.

सोमवारी सर पोलीस ठाण्यात गेले आणि म्हणाले, मला जबाब बदलायचाय. अधिकारी कावलेला होता. समोर कागदांचा ढीग, पंखा बंद. "आता काय आठवलं, आजोबा?"

"आठवत सगळं होतंच. सांगितलं नव्हतं." सरांनी मंगळवार सांगितला. टॅक्सी, उघड्या दाराआड गेलेली मिनिटं, खांद्यावरची पिशवी, ओढणी, आणि तो प्रश्न, जसाच्या तसा.

"'घरी माझी खोली आहे का अजून.' एवढंच?"

"एवढंच."

"यावरून काय सिद्ध होतं?"

"तिला परत यायचं होतं."

"हा तुमचा अंदाज झाला."

"साहेब, जी जुनी भाषा त्या रूपात बोलणारं कोणी उरलं नाही, तिच्या शब्दांचे अर्थ मी लावतो. शब्द एकटा काही सांगत नाही. आधी काय झालं, नंतर काय झालं, बोलताना माणूस कुठे उभा होता, यावरून लावावा लागतो. पिशवी घेऊन आलेली, कान फुटलेली मुलगी बापाला खोली आहे का विचारते, तेव्हा त्याचा दुसरा अर्थ होत नाही. मी तो तेव्हा लावला नाही. हेही लिहा."

"ते लिहायची गरज नाही."

"लिहा," सर म्हणाले. अधिकाऱ्याने लिहिलं.

खटला उभा राहायला अडीच वर्षं लागली. तोवर सरांनी मनीची खोली रिकामी केली. दोनशे चौदा खोके. चष्मेवाला आणि बाई मदतीला आले. काही खोके दिवाणखान्यात गेले, काही गच्चीच्या जिन्यात, बाकीचे कार्यालयात परत. माळ्यावरचे नकाशे काढून सरांनी भिंतीला लावले. मनी घरी आली ती डोक्याला पांढरी टोपी घालून, उजवा पाय ओढत. तिला समोरचं बरंच कळे, पण तोंडून शब्द निघत नसे. निघायचा तो आवाज. कधी लांब श्वासासारखा, कधी एकदम मोठा, की खालच्या मजल्यावरची माणसं दार उघडून बघत.

त्या दिवसांत एकदा सरांनी ती चिठ्ठी बाहेर काढली, 'खाली उतरणे' खोडलं आणि लिहिलं: अर्थ अनिश्चित. उतरणे, ओरडणे, उसासणे यांपैकी काहीही. बाईंनी वाचून खाली आपली तपासल्याची खूण केली.

न्यायालयात आरोपीच्या वकिलाने सरांना तासभर उभं ठेवलं. माणूस हुशार होता, तयारी करून आला होता. "तुमच्या कोशात एकेका शब्दाचे चार-चार, पाच-पाच अर्थ असतात ना?"

"असतात."

"आणि विद्वानांचं त्यावर एकमत नसतं?"

"नसतं पुष्कळदा."

"मग 'खोली आहे का' याचा तुम्हाला सोयीचा तेवढाच अर्थ खरा, हे कशावरून?"

सरांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. मागे कोणीतरी हसलं. मनीला साक्षीला आणलं होतं. तिला विचारलं, तुम्हाला कोणी मारलं? तिने तोंड उघडलं. घाम फुटला, ओठ हलले, हाताने काहीतरी दाखवलं. न्यायाधीशांनी सौम्यपणे सांगितलं की पुरे, त्यांना बसू द्या. निकाल लागला तो संशयाचा फायदा देऊन. जावई सुटला. सरांच्या बाकाजवळून जाताना त्याने सवयीने मान लववली.

तो दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत गेला. चिठ्ठ्यांच्या नकला त्याच्याकडे होत्याच. तीन वर्षांनी कोशाचा शेवटचा खंड निघाला, बाविसाव्या अक्षरापर्यंत पुरा. मुखपृष्ठावर एकट्या त्याचं नाव होतं. बाईंनी कुठूनतरी प्रत मिळवली. सरांनी अठरावं अक्षर उघडलं. त्सानाख: (वाहनावरून) खाली उतरणे. दुसरा अर्थ नव्हता, शंका नव्हती. छपाई देखणी होती.

"करायचं काय याचं?" बाईंनी विचारलं.

"घेऊन जा तुम्ही. घरात नको," सर म्हणाले.

मनीला बोलायला शिकवायला आठवड्यातून दोनदा एक शिक्षिका यायची. चित्रं दाखवायची, ओठांचे आकार करून दाखवायची. चौथ्या वर्षी मनीला पहिला शब्द आला: 'नाही'. मग बरेच महिने तो एकच होता आणि ती तो सगळ्याला वापरायची. भूक लागली की नाही, पोट भरलं की नाही, हवं असलं तरी नाही. शिकवणारी म्हणाली, असं होतं, एकच शब्द सापडतो आणि जीभ त्याच्यावरच जाते; तुम्ही ऐकत राहा. सर ऐकत राहिले. कधी बरोबर ओळखायचे. पुष्कळदा चुकायचे, मग ती हातातलं फेकायची.

एका दुपारी ती आपल्या खोलीत खिडकीपाशी उभी होती. खिडकी बंद होती. "उघडू का?" सरांनी विचारलं.

"नाही," मनी म्हणाली.

सर खुर्चीकडे वळले. "नाही," ती परत म्हणाली, जोरात. त्यांनी येऊन खिडकी उघडली. वारा आत आला, भिंतीवरचा एक नकाशा फडफडला. "नाही, नाही," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. सरांना कळेना. त्यांनी कडीवर हात ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. खिडकी ओढून घ्यायची घाई त्यांनी केली नाही. बऱ्याच वेळाने मनीने हात पुढे केला आणि फडफडणाऱ्या नकाशाचं सुटलेलं टोक अंगठ्याने भिंतीवर दाबून धरलं. सर टाचणी शोधायला गेले.